मोठ्या मायच्या पोटाची फाईल

अन्याय झाला तो माझ्या मोठ्या मायवर. गेल्या वर्षी, बुद्धपौर्णिमेच्या आदल्या गुरुवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, नागपूरच्या सदर भागातल्या एका खाजगी रुग्णालयाच्या तळमजल्यावर, रेकॉर्डच्या खिडकीपाशी. खिडकीपलीकडच्या माणसाने तिच्या अर्जाकडे पाहिलंच नाही. तिच्याकडे पाहिलं, वरपासून चपलांपर्यंत, आणि म्हणाला, "आंटी, आपको क्या समझेगा उसमें? फाईल देखके आप क्या करोगे?"

आणि हे विचारलं कोणाला? तर अख्ख्या नागपूर जिल्ह्यात जिने आजवर एकही वस्तू आत डोकावल्याशिवाय घेतली नाही, खाल्ली नाही, वापरली नाही, त्या बाईला! मी हे अतिशयोक्ती म्हणून लिहीत नाही. ज्यांना शंका असेल त्यांनी सीताबर्डीच्या फुटपाथवर उशा विकणाऱ्या कोणालाही विचारावं.

मोठी माय म्हणजे माझ्या बाबांच्या थोरल्या भावाची बायको. वय साठीच्या अलीकडे की पलीकडे, यावर घरात दोन मतं आहेत आणि दोन्ही तिचीच आहेत. माहेर खाप्याचं, सासर आमचं, धंदा ब्लाऊज शिवण्याचा. तिच्या पर्समध्ये पैसे असोत नसोत, सुई, चार रंगांचे दोरे आणि टाके उसवायची बोटभर कात्री असतेच. उशी घ्यायला गेली की आधी ती उशीची शिवण चार बोटं उसवते, आत हात घालते, चिमूटभर कापूस उन्हात धरून बघते, आणि पसंत नाही पडली तर तिथेच उभ्या उभ्या अशी शिवण घालून देते की दुकानदाराला आधीपेक्षा बरी उशी परत मिळते. पहिल्या वेळी तो माणूस ओरडला होता, "ओ मावशी, माल काहून फाडून राहिल्या?"

"फाडला नाही, उसवला," मोठी माय म्हणाली. "फाडनं येगळं, उसवनं येगळं. तुले एवढं समजत नाही तं उश्या काहून इकतो गा?"

आता तोच माणूस तिला लांबून हाक मारतो. तिने नापसंत केलेल्या उशा म्हणे आधी खपतात.

लग्नात तिच्या शेजारी बसू नये, असा आमच्या घरातल्या मुलींचा अलिखित ठराव आहे. ताटात सांबारवडी पडली की ती आधी तिचं पोट उघडते, आतला सांबार, म्हणजे कोथिंबीर, बोटाने पसरवते, खोबरं किती, खसखस खरी की नुसती नावाला, हे बघते आणि मग पहिला घास घेते. माझ्या चुलतबहिणीच्या साखरपुड्यात तिने होणाऱ्या व्याह्यांसमोर ताटातले पाचही लाडू एकामागून एक फोडले. तिकडची विहीण जरा तिरकस होती. तिने विचारलं, "काही निघालं का ताई?" मोठी माय शांतपणे म्हणाली, "नाही निघालं. म्हनून तं आता पोरगी देऊन राहिलो." विहारातल्या खिरीच्या गंजात तिची पळी थेट तळाला जाते, वरची खीर तिला नको असते. नवीन कूलर आला की खसाची ताटी निघते आणि आतला पंप बाहेर येतो. मेट्रोत पहिल्यांदा बसली तेव्हा ती चालत्या गाडीतून चालत चालत अगदी पुढच्या टोकाला गेली आणि चालकाच्या बंद दारावर टकटक करायच्या बेतात असताना मी तिला धरलं. "नाही वं," ती म्हणाली, "कोनी बसून हाये का नाही, एवढंच पाहून घेते."

एकदा मला एका संस्थेकडून मुलाखतीचं पत्र आलं. ते मोठ्या मायने उघडलं, वाचलं आणि मला फोन करून सांगितलं की मुलाखत सोमवारी आहे पण सही करणाऱ्याचं अक्षर चांगलं नाही, तर जाऊ नको. मी चिडले. "मोठी माय, पाकिटावर माझं नाव होतं!"

"नाव बाहेर होतं ना," ती म्हणाली. "आत कोनाचं हाये, ते पाहिल्याशिवाय कसं समजन?"

माझ्यासारख्या, लोकांच्या हक्कांवर चौकाचौकात पत्रकं वाटणाऱ्या मुलीला हा युक्तिवाद पटावा, ही शरमेची गोष्ट आहे. पण पटला. आणि त्या मुलाखतीला मी गेले नाही, हेही कबूल करून टाकते.

तर अशी ही बाई. आणि हिच्याच पोटात काय झालं ते हिला सोडून बाकी सगळ्यांना दाखवलं गेलं!

त्या गुरुवारच्या दोन वर्षं आधी तिचं अंगावरून जाणं थांबेना. सदरच्या त्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी सांगितलं, गर्भपिशवी काढावी लागेल. मोठी माय ऑपरेशनला घाबरली नाही, तिची अट एकच होती. "काढल्यावर मले दाखवा." डॉक्टर हसले, म्हणाले, "दाखवू, दाखवू." आपल्याकडे पद्धतच आहे. ऑपरेशन झालं की आतून कोणीतरी थाळी घेऊन बाहेर येतं आणि 'हे काढलं बघा' असं नातेवाइकांना दाखवतं. थाळी आली. दाखवली गेली. ज्यांना दाखवली ते होते मोठे बाबा, म्हणजे तिचे यजमान. मोठे बाबा रेल्वेतून निवृत्त झालेले, महिन्याला मोजून शंभर शब्द बोलणारे, आणि शेजारच्याचं बोट कापलं तरी खाली बसणारे गृहस्थ आहेत. मोठी माय तेव्हा भुलीत होती. दुसऱ्या दिवशी शुद्धीवर येऊन तिने पहिला प्रश्न विचारला तेव्हा थाळी गेलेली होती, आणि उरले होते ते फक्त साक्षीदार.

"काय होतं हो थाळीत?" तिने विचारलं.

मोठे बाबा बराच विचार करून म्हणाले, "लाल होतं."

"लाल तं असनच! केवढं होतं? एक होतं का दोन-तीन? बाजूले काही लटकून होतं का?"

"मी डोये मिटले होते."

"मंग पाहिलं म्हनून काहून सांगतलं त्याले?"

"तो मानूस थाळी घेऊन उभा होता. त्याले दुसरी थाळी न्यायची होती."

यानंतर दोन वर्षं, भाजी खारट झाली, कूलरचं पाणी संपलं, काहीही झालं तरी मोठी माय त्या थाळीपाशी येऊन थांबायची. पोटावरचा टाकाही तिला पसंत नव्हता. आरशासमोर उभी राहून म्हणायची, "असा टाका मी ब्लाऊजले घातला असता तं बाई परत आनून माह्या तोंडावर फेकून गेली असती." घरी जाताना मिळालेल्या कार्डावर इंग्रजीत दोन ओळी होत्या. मी त्या तिला वाचून दाखवल्या: शस्त्रक्रिया झाली, प्रकृती समाधानकारक. तिने कार्ड उलटं केलं, मागे कोरं होतं. "मिक्सर घेतला तं पुस्तक देते," ती म्हणाली. "कोनता नट कुठं हाये, त्याचं चित्र बी देते. अन् माह्या पोटाच्या दोन ओई?"

तोपर्यंत हे सगळं हसण्यावारी होतं. मीही हसत होते. मग गेल्या उन्हाळ्यात तिच्या पोटात डाव्या बाजूला दुखायला लागलं.

या वेळी आम्ही तिला सीताबर्डीतल्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. सोनोग्राफीत डाव्या बाजूला गाठ दिसली. बाई समजावून सांगणाऱ्या होत्या, त्यांनी कागदावर चित्र काढलं: मध्ये पिशवी, दोन्ही बाजूंना दोन अंडाशय. पिशवी काढताना कधी दोन्ही अंडाशय काढतात, कधी एक ठेवतात, कधी दोन्ही ठेवतात. "ठेवलं असेल तर ही गाठ बहुतेक त्याची. काढलं असेल तर ही गाठ कसली, हा मोठा प्रश्न आहे. आणि काढलेली पिशवी तपासायला पाठवली असेल, त्या रिपोर्टमध्ये काही वाईट होतं का, हेही मला कळायला हवं. त्यावर पुढचं ऑपरेशन केवढं करायचं ते ठरेल. जुने कागद आणा. लवकर आणा."

मोठी माय त्या चित्राकडे बघत राहिली. "म्हंजे," ती म्हणाली, "माह्या पोटात डावं हाये का नाही, हे तुमाले बी नाही माईत, मले बी नाही माईत. अन् सदरच्या कपाटाले माईत हाये."

याहून नेमकं वाक्य मी माझ्या कुठल्याच पत्रकात लिहिलेलं नाही.

आता नियम सांगते, कारण तो कोणी सांगत नाही. रुग्णाने स्वतःच्या उपचाराचे कागद लेखी मागितले, तर बहात्तर तासांच्या आत ते द्यायचे, असं डॉक्टरांनी पाळायच्या नियमांतच लिहिलेलं आहे. मेहेरबानी नाही, उपकार नाही. भरती झालेल्या रुग्णाचे कागद तीन वर्षं सांभाळायचे, हेही लिहिलेलं आहे, आणि आमची तर दोनच झाली होती. मी अर्ज लिहिला. मोठ्या मायने तो वाचला, 'विनंती' हा शब्द खोडायला लावला, 'मागणी' लिहायला लावलं आणि खाली स्वतःची सही केली. शिवणीसारखी, एकसारख्या अंतराने.

खिडकीवरच्या त्या प्रश्नापाशी मी तुम्हाला सोडून आले होते. 'आपको क्या समझेगा' ऐकून मी बोलायला तोंड उघडलं. तोंडात पुढच्या सभेचं भाषण तयार होतं. पण मोठ्या मायने मला कोपराने मागे सारलं आणि म्हणाली, "मले समजन का नाही, हे मी पाहून सांगीन. तू आंधी दाखव तं खरं!" त्याने अर्ज घ्यायला अजून थोडे आढेवेढे घेतले: डॉक्टरांची चिठ्ठी आणा, यजमानांना पाठवा. यजमानांना पाठवा म्हटल्यावर मोठी माय एवढी हसली की मागच्या रांगेतले लोकही हसू लागले. शेवटी त्याने शिक्का मारला. मोठ्या मायने शिक्क्यावर वेळही लिहून घेतली: अकरा वाजून चाळीस. तीस मिनिटं आम्ही तिथे उभ्या होतो.

गुरुवारी अकरा चाळीसला बहात्तर तास मोजायला लागलं की ते रविवारी अकरा चाळीसला भरतात. मी म्हटलं सोमवारी जाऊ. मोठी माय म्हणाली, "बहात्तर म्हंजे बहात्तर. तूच तं छापून वाटून राहिली." रविवारी भर उन्हात, तोंडाला ओढणी गुंडाळून आम्ही पोचलो, तर खिडकी बंद. सुरक्षारक्षक म्हणाला, आज सुट्टी आहे. मोठी माय बाजूच्या खुर्चीवर बसली, चप्पल काढली, पाय वर घेतले.

"भाऊ, आज पेशंट भरती करून राहिले का नाही?"

"ते करते ना, मावशी."

"ऑपरेशन करून राहिले?"

"अर्जंट असंन तं करते."

"मंग पोट उघडाले रविवार चालते अन् कपाट उघडाले नाही चालत का?"

रक्षकाने फोन लावला. तासाभराने तोच खिडकीतला माणूस स्कूटरवरून आला, डोक्याचे केस ओले, पायात घरातली स्लिपर. मला त्याच्याबद्दल आयुष्यभर पुरेल एवढा राग साठवून ठेवायचा होता, पण तो आला, घाम पुसला आणि आधी मोठ्या मायला पाणी दिलं. गोंधळ इथूनच सुरू झाला. अन्याय करणाऱ्या माणसाने सुट्टीच्या दिवशी घर सोडून यायचं नसतं, पाणी तर मुळीच द्यायचं नसतं!

फाईलच्या प्रती खरं तर तयार होत्या. जाड खाकी पाकिटात, वर टेप, टेपवर रुग्णालयाचा शिक्का. पण एक वही पुढे आली. 'सर्व कागद तपासून मिळाले' असं छापलेलं, त्याच्याखाली सही करायची. मोठी माय म्हणाली, तपासल्यावर करते. तो म्हणाला, सही झाल्याशिवाय सील तोडता येत नाही, रूल आहे. ती म्हणाली, सील तोडल्याशिवाय तपासू कशी? तो म्हणाला, सही करून तपासा. ती म्हणाली, मग वहीत 'तपासून' कशाला छापलं? हे असं किती वेळ चाललं ते मी सांगू शकत नाही, मध्ये पडायची मला सोय नव्हती. सही करायला उशीर करू नये आणि न वाचता सही करू नये, ही दोन्ही वाक्यं माझ्याच पत्रकात होती, पान एक आणि पान दोन.

मग मोठ्या मायने पर्समधून ती बोटभर कात्री काढली. पाकीट उलटं केलं. खालच्या बाजूला डिंकाने चिकटवलेली जी घडी असते, तिच्यात कात्रीचं टोक घालून अलगद, जराही न फाटता, ती सोडवली, कागद बाहेर काढले, मोजले, प्रत्येक पानावर आपलं नाव आहे का ते बघितलं आणि रिकामं पाकीट त्याच्यापुढे ठेवलं. शिक्का जसाच्या तसा होता.

"तुह्यं सील नाही तोडलं," ती म्हणाली. "आता आन वही."

तो माणूस पाकिटाच्या दोन्ही बाजू बघत राहिला. मग हसला. "आंटी, आप पहले से यहाँ काम करती थीं क्या?"

बाहेर रसवंतीच्या बाकड्यावर बसून मी फाईल वाचली. म्हणजे वाचायचा प्रयत्न केला, कारण डॉक्टरांचं अक्षर आणि उसाच्या रसाचे शिंतोडे यांत काही फरक नव्हता. मोठी माय एकेका ओळीवर बोट ठेवून 'हे काय?' विचारत होती. सातवी शिकलेली बाई, इंग्रजी येत नाही, पण मी दोन ओळी गाळल्या की तिला बरोबर कळत होतं. शेवटी ऑपरेशनची नोंद सापडली. उजवं अंडाशय काढलं. डावं ठेवलं.

तिने रसाचा ग्लास खाली ठेवला आणि पदराखालून डाव्या कुशीवर हात ठेवला. "ठेवलं होतं," ती म्हणाली. "मंग हे माह्यच हाये." घरातल्या हरवलेल्या माणसाचा पत्ता लागावा, तसा तिचा आवाज होता.

पण पिशवीच्या तपासणीचा रिपोर्ट नव्हता. मी पानं दोनदा चाळली. माझ्या अंगात पत्रक चढलं. रिपोर्ट दडपला! उद्याच्या उद्या मोर्चा! आणि मग मला शेवटून दुसऱ्या पानावर ती ओळ दिसली: काढलेला नमुना बाटलीत घालून, तपासणीसाठी, नातेवाइकांच्या ताब्यात दिला. खाली मराठीत सही. सही मोठ्या बाबांची होती.

घरी मोठे बाबा कूलरसमोर वर्तमानपत्र वाचत होते. मी फाईल त्यांच्यापुढे धरली. त्यांनी सही पाहिली, चष्मा काढला, परत घातला.

"मोठे बाबा, ही बाटली लॅबमध्ये द्यायची होती. कुठे दिली?"

"लॅबमध्ये?" ते म्हणाले. "मले कोनी नाही सांगतलं लॅब. पोट्टीनं बाटली हातात देली अन् म्हने, हे घेऊन जा, इथं सही करा. बायोप्सी का काही म्हने. मले वाटलं, आपलं हाये, म्हनून आपल्याले देऊन राहिले."

"मग बाटलीचं काय केलं?"

त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मोठी माय दारातच उभी होती. मग त्यांनी महिन्याभराचे शब्द एकदम खर्च केले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाटली कापडी थैलीत घालून ते बसने खाप्याला गेले होते, तिच्या माहेरी. दोन्ही पोरं तिथेच झाली, त्यांची बाळंतपणातली वार तिथल्या परसातल्या निंबाखाली पुरली होती. "मले वाटलं, पोरं ज्याच्यात वाढली ते बी तिथंच जावं. कचऱ्यात काहून जाऊ द्याचं? तुहा मामा, हिचा भाऊ, वावरात गेला होता, मीच खांदलं." आणि मग खाली बघत, "तुमी सगळे शिकलेले. पाखंड म्हनसान, म्हनून नाही सांगतलं."

मला सांगा, आता मी कोणावर रागावू? बाटली देणाऱ्या पोरीवर? तिला त्या दिवशी आणखी सहा बाटल्या द्यायच्या असतील. नोंद लिहिणाऱ्यावर? एका माणसाने अर्धं वाक्य जास्त बोलायचं होतं, 'काका, हे तपासायला न्या, यात आजार आहे का ते कळेल', एवढंच, आणि ते कोणीही बोललं नाही. माझ्या मोठ्या मायच्या तब्येतीबद्दलचा सगळ्यात मोठा पुरावा तिच्या नवऱ्याने अतिशय आदराने जमिनीत पुरून टाकला, आणि त्याची पोच रुग्णालयाकडे व्यवस्थित आहे! कायदा पाळला गेला. सही आहे. मी तिथे उभी होते, हातात फाईल, आणि मला रडावं की ओरडावं ते कळत नव्हतं.

मोठी माय पुढे आली. आम्हाला वाटलं, आता वादळ. तिने विचारलं, "पुरायच्या आंधी बाटली उघडून पाहिली का?"

"नाही."

"बाहेरून तरी?"

"थैलीत होती."

"काय मानूस हाये वं हा!" ती माझ्याकडे वळून म्हणाली. आणि आत जाऊन तिने मोठ्या बाबांसाठी चहा टाकला. त्यांना दिवसा चहा द्यायचा नाही, असं तिनेच ठरवलेलं आहे.

पुढचं लवकर झालं. डॉक्टरीणबाईंनी फाईल वाचली, पुरलेल्या पिशवीची हकीकत ऐकली, कपाळावर हात मारला नाही, हे त्यांचं मोठेपण. डावं अंडाशय आहे हे कळल्यामुळे गाठ कुठली हे त्यांना बरंचसं कळलं, पण आधीचा रिपोर्ट नसल्याने त्यांना जास्त सावध राहावं लागलं, थोडं जास्त उघडावं लागलं. या वेळी मोठ्या मायने अट लिहून दिली आणि बाईंनी त्याखाली सही केली. संध्याकाळी ती पूर्ण शुद्धीवर आल्यावरच बाटली आणली गेली. औषधात बुडालेलं असतं, तेवढ्याने काही बिघडत नाही, असं बाई म्हणाल्या. मोठ्या मायने बाटली दोन्ही हातांनी धरली, खिडकीच्या उजेडाकडे नेली, फिरवली, खालून बघितली. मला वाटलं होतं, ती एखादा टोमणा मारेल. ती एवढंच म्हणाली, "एवढुसं?" आणि बाटली माझ्या हातात देताना, "सरळ लॅबमध्ये. रस्त्यात कुठं थांबशीन नको. खाप्याले तं बिलकुल जाऊ नको." मोठे बाबा खाटेच्या पायथ्याशी बसले होते. या वेळी त्यांनी डोळे उघडे ठेवले होते, पण ते तिच्याकडे बघत होते, बाटलीकडे नाही.

रिपोर्ट आला. साधी गाठ, आजार नाही. मी तो तिला तीनदा वाचून दाखवला, तिसऱ्यांदा तिने डोळे मिटून ऐकला. मग म्हणाली, "अन् पहिलीचं?"

पहिलीचं कधीच कळणार नाही, मी म्हटलं. डॉक्टर तपासत राहतील, दर सहा महिन्यांनी जावं लागेल, मनात धाकधूक राहील. त्या निंबाखाली नेमकं काय पुरलं ते आता जगात कोणालाच माहीत नाही.

दिवाळीनंतर आम्ही तिघं खाप्याला गेलो. मोठी माय परसात गेली. निंबाखाली एका ठिकाणी माती थोडी खचलेली होती, मोठ्या बाबांनी बोटाने दाखवली. मी मनातून घाबरले होते, कारण मामाचं खुरपं तिथेच भिंतीला टेकलेलं होतं आणि मी या बाईला तीस वर्षं ओळखते. पानं पडली होती ती तिने पायाने बाजूला केली. मग वाकली, खचलेल्या जागी मूठभर माती टाकली आणि तळहाताने दाबली.

"राहू द्या," ती मोठ्या बाबांकडे बोट करून म्हणाली. "यायनं ठेवलं हाये ना."

दोन्ही पोरं आता बाहेरगावी आहेत, फोन करतात तेव्हा आई कशी आहे म्हणून विचारतात, आणि मोठे बाबा सांगतात, बरी आहे. खरंच बरी आहे की नाही, हे सांगणारा एक कागद या जगात असायला हवा होता आणि तो नाही. या एका गोष्टीने मला अजून झोप लागत नाही असं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं, पण झोप लागते. फक्त कधीमधी चालता चालता मध्येच थांबायला होतं.

म्हणून, हे वाचणाऱ्या तुम्हाला सांगते. आज तुमच्या आईला, मोठ्या मायला, मावशीला विचारा: तुझ्या पोटातून काय काढलं आणि काय ठेवलं? तिला सांगता आलं नाही, तर उद्या सकाळी तिच्यासोबत जा, अर्ज लिहा, शिक्का घ्या, वेळ लिहून घ्या, फाईल आणा. आणि कोणी तुमच्या हातात बाटली दिली, तर पाऊल उचलण्याआधी त्याच्या डोळ्यांत बघून विचारा: ही मी कुठे न्यायची आहे, आणि कशासाठी?